जपानला जाणाऱ्यांसाठी चौबळवहिनींच्या सूचना

मुलुंड पूर्वेच्या त्या कॉलनीत एक रीतच पडून गेली होती. कोणी परदेशात जाऊन आलं की त्यानं मंडळाच्या हॉलमध्ये बोलायचं. सुटका नाही! लंडनला लेकाकडे राहून आलेल्या एका काकांनी तर पाठोपाठचे रविवार खाल्ले होते, आणि सिंगापूर करून आलेल्या डॉक्टरांनी सिंगापूर सोडून स्वतःच्या बायकोचेच फोटो दाखवले होते. लोक तरीही यायचे. एक तर शेवटी बटाटेवडे असायचे, आणि दुसरं म्हणजे शहाऐंशी-सत्त्याऐंशी साली विमानात बसून आलेला माणूस अजून अप्रूपाचा होता. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, अमुक देश, अनुभव आणि सूचना. अनुभव ऐकताना लोक पेंगायचे. सूचना आल्या की कान टवकारायचे, कारण आज ना उद्या आपणही जाणार अशी प्रत्येकालाच आशा.

जयंती चौबळांचं जपान मात्र राहूनच गेलं होतं. त्यालाही कारण तसंच होतं. गेल्या वसंतात नवराबायको दोघं गेली होती आणि परत आली ती एकटी जयंती. अशा बाईला कोण म्हणणार, की वहिनी, या आणि अनुभव सांगा?

पण यंदा कॉलनीतली चारपाच जोडपी जपानला निघाली, तशी मंडळाच्या अध्यक्षीणबाई पद्मजा एका दुपारी जयंतीकडे येऊन बसल्या. चहा झाला, हवापाण्याचं झालं, मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, थोडं बोलाल का आमच्यासाठी? नुसत्या सूचना हो. काय न्यायचं, काय खायचं, एवढंच. बाकीच्यात नाही शिरायचं." आणि जाता जाता दारात चपला घालताना, "रथसप्तमीला हळदीकुंकू आहे ना, त्या दिवशी नको ठेवायला. तुम्हालाच अवघड वाटेल."

जयंतीला काय अवघड वाटायचंय! अवघड वाटणार होतं ते पद्मजाला. पण जयंती हो म्हणाली, आणि पद्मजाला वाटलं तेवढ्या सहज म्हणाली. तिला बोलायचंच होतं. जवळजवळ वर्ष झालं, एक गोष्ट तिच्या पोटात होती आणि ती कोणी विचारतच नव्हतं. येणारा जाणारा 'फार वाईट झालं हो' म्हणायचा आणि विषय बदलायचा. नातेवाईक तर सरळच म्हणायचे, परमुलखात काय केलं असेल कोण जाणे, बिचाऱ्याला नीट अग्नीसुद्धा मिळाला नसेल. जयंतीला ओरडून सांगावंसं वाटायचं, की मिळाला! सगळं नीट झालं, मी माझ्या हातांनी केलं. तिच्यापाशी आता नवरा नव्हता, मूलबाळ तर नव्हतंच. आपण माणसाला नीट पोचवलं, एवढं एक समाधान होतं. ते तिला चार लोकांत मांडायचं होतं आणि चार लोकांनी ते खरं मानायला हवं होतं.

त्या चार लोकांतही एक माणूस तिला मुख्य हवा होता, तो म्हणजे धाकटा दीर, श्यामसुंदर. घाटकोपरला राहायचा. भावावर जीव टाकणारा माणूस, पण वर्षभर वहिनीच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. यायचा, फळांची पिशवी दारातच हातात द्यायचा, 'बरं आहे ना वहिनी' म्हणायचा आणि पाणीही न पिता जायचा. भावजींना राग आहे, असं जयंतीनं ठरवून टाकलं होतं. त्यांच्या भावाला परक्या देशात जाळून आले म्हणून राग. तिनं त्याला मुद्दाम निरोप धाडला, की भावजी, रविवारी या, तुम्ही यायलाच हवं.

तो आला. मागच्या रांगेत, दाराजवळ बसला.

हॉलमध्ये अंधार केला आणि भिंतीवर स्लाइड्स सुरू झाल्या. पहिलीच देवळापुढे उभी असलेली जयंती. मग पुलावर जयंती, फुललेल्या चेरीखाली डोळे बारीक करून जयंती. नवरा, विद्याधर, कुठेच नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात. 'जरा डावीकडे सरक गं, तुझ्यामुळे डोंगर झाकला,' असं सारखं चाललेलं असायचं त्याचं. खरं तर जपानचं खूळ त्याचंच. जयंतीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला चार दिवस मनोरीला न्या, तिथेही समुद्रच आहे. पण रिटायर झालेल्या नवऱ्याचा उत्साह मोडवेना.

सुरुवात झकास झाली. बाई बोलायला लागली आणि लोकांना कळलं, की हिला बोलता येतं.

"टॅक्सीच्या दाराला हात लावायचा नाही," जयंती म्हणाली. "ते आपलं आपण उघडतं, आपलं आपण मिटतं. ड्रायव्हरपाशी खटका असतो. आमच्या ह्यांना काही केल्या पटेना. दर वेळी धाडकन लावायचे, आणि तो ड्रायव्हर बिचारा आपल्याच कानफटात बसल्यासारखा दचकायचा. उतरल्यावर पुन्हा हे मलाच विचारणार, दार लागलं ना गं नीट?"

लोक हसले. विद्याधरला ओळखणारे तर जास्तच हसले.

"संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, दाराशीच ठेवलेल्या. आत जाताना घालायच्या आणि बाहेर येताना आठवणीनं काढायच्या. हे त्याच घालून जेवायला आले आणि ऐटीत पंगतीत बसले. वाढणाऱ्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बोलेल तर शपथ. वाकून वाकून नमस्कार करत तिनं त्या काढून नेल्या. ह्यांना वाटलं, आपला मान ठेवतेय."

मग तिनं सांगितलं, की शाकाहारी असाल तर भाजणी, मेतकूट, लाडू बरोबर घ्या, कारण नुसत्या भाजीच्या सुपातसुद्धा सुक्या मासळीचं पाणी असतं. आपल्याला काय, चौबळांना मासळीचं वावडं नाही. क्योटोच्या बाजारात सुक्या माशांचा भपकारा आला तर विद्याधर थांबून लांब श्वास घेऊन म्हणाला होता, आहा, वर्सोवा आलं! हॉटेलचं कार्ड कायम खिशात ठेवा, चुकलात तर टॅक्सीवाल्यापुढे धरा. रुमाल जास्तीचे घ्या. ती सुसाट गाडी स्टेशनात थांबली न थांबली तोच सुटते, तेव्हा सामान कमी न्या, आणि दाराशी घुटमळून 'आधी तू, आधी तू' करत बसू नका. एक बाई लगबगीनं लिहून घेत होती. पद्मजा समाधानानं मान डोलावत होती.

"आणि बंदाचे बूट नेऊ नका," जयंती म्हणाली.

"हो बाई, सारखे काढायचे घालायचे ना!" कोणीतरी म्हणालं.

"हो. सारखं खाली वाकावं लागतं." ती जरा थांबली. "क्योटोला आम्ही जपानी पद्धतीच्या घरात उतरलो होतो. सकाळी निघायचं होतं. हे दाराच्या पायरीवर बूट घालायला बसले. एक बांधला. दुसऱ्याची नाडी हातात होती. मी म्हटलं, आटपा हो, बस थांबलीय. तर हे उठलेच नाहीत."

पद्मजा खुर्चीतून अर्धी उठली. "वहिनी, ते राहू द्या आता. तुम्हाला त्रास होईल. ते दुकानांचं सांगा ना, मोत्यांचं..."

"मला नाही त्रास होत," जयंती म्हणाली. "ही पण सूचनाच आहे. तुमच्यावर अशी वेळ न येवो. पण आली, तर कोणाला तरी माहीत असायला हवं."

आणि ती बोलत राहिली. थांबवणार कोण?

मयत इकडे आणायचं म्हणजे कागदपत्रांत किती दिवस जातील याचा पत्ता नव्हता. घाटकोपरला ट्रंककॉल लावला, तर श्यामसुंदर रडत रडत म्हणाला, वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. तेव्हा तिथेच करायचं ठरलं. सगळा ग्रुप पुढे निघून गेला. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांची गाडी ठरलेली होती. टूरबरोबरचा नंदू नावाचा पोरगेला माणूस आणि दुभाषी बाई, एवढी दोघं जयंतीजवळ राहिली. आपल्याकडे बाई स्मशानाच्या फाटकाशी जात नाही. आणि इथे सगळं करायला बाईच एकटी.

"तिथे भट्टी असते," जयंतीनं सांगितलं. "पण राख होऊ देत नाहीत. हाडं राहतात, पांढरी, जशीच्या तशी. तो ट्रे आपल्यापुढे आणून ठेवतात आणि हातात लांब काड्या देतात, ते लोक जेवतात ना, तशा. एक हाड दोघांनी मिळून उचलायचं आणि भांड्यात ठेवायचं. एकट्यानं नाही. पायापासून सुरुवात करायची आणि वर वर जायचं, डोक्याचं शेवटी. का, तर माणूस त्या भांड्यात सरळ बसला पाहिजे. उलटा पडता कामा नये."

एक बाई लेकराला घेऊन बाहेर गेली.

"नंदू हात लावेना. मग ती दुभाषी बाई पुढे झाली. ना नात्याची ना गोत्याची, पण माझ्याबरोबर एकेक हाड उचललं तिनं. डाव्या नडगीत ह्यांच्या स्टीलची पट्टी होती. तुम्हाला आठवत असेल, गॅलरीचा पडदा लावताना स्टुलावरून पडले होते, तेव्हाची. ती तशीच होती हाडाला चिकटलेली. तेवढी त्या माणसानं बाजूला काढून ठेवली. त्या घटकेपर्यंत मला काही खरं वाटत नव्हतं बघा. पट्टी दिसली आणि म्हटलं, हो, हेच ते. आमचेच हे."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. श्यामसुंदर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हातांत तोंड धरून. जयंतीनं ते पाहिलं. तिला बरं वाटलं. रडतायत, रडू देत, वर्षाचा राग जाईल, असं तिच्या मनात आलं, आणि मग ती सगळं त्याच्याकडेच बघून बोलली.

"दुभाषी बाई म्हणाली, आता हे बसलेत, कलंडू देऊ नका. मी नाही दिलं. विमानात मांडीवर, विमानतळावर मांडीवर. मुलुंडला फाटकाशी आले तर भावजी म्हणाले, वहिनी, अस्थी घरात नाही आणत. खरंच आहे, आपल्यात नाही आणत. बदामाच्या झाडाला भांड्याची पिशवी टांगली. दुसऱ्या दिवशी पहाटे भावजी नाशिकला घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं म्हणाले, म्हणून मी नाही गेले. पण माझं एवढं समाधान आहे, की माणूस जसा बसवला तसा, सरळ, गंगेत गेला. रामकुंडात गेला. परमुलखात मेला म्हणून काही बेवारशी नाही झाला. एवढंच मला सांगायचं होतं."

दिवे लागले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना. मग पद्मजानं वाजवल्या आणि पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एकानं विचारलं, की एप्रिलात दोन स्वेटर पुरतील का. पुरतील, जयंती म्हणाली. मग वडे आले. बायका येऊन तिचा हात दाबून गेल्या, एकदोघींचे डोळेही ओले होते, पण वड्याची बशी घेऊन तिच्या शेजारी बसायला कोणी थांबलं नाही. नुकतं हाडांचं ऐकलेलं, त्यात उद्या त्यांना त्याच देशात जायचं. माणसं आहेत, भ्यायची.

हॉल रिकामा होत आला तरी श्यामसुंदर उठेना. जयंतीच त्याच्याजवळ जाऊन बसली.

"भावजी, तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं," ती म्हणाली. "आता राग सोडा. मी त्यांचं काही कमी केलं नाही."

"मला कसला राग, वहिनी." त्यानं वर पाहिलं. चेहरा पार उतरला होता. "तुम्ही पट्टीचं हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं का?"

"दादाच होता म्हणजे तो."

"अहो, दुसरं कोण असणार?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नाशिकला गुरुजींनी भांडं पाहिलं. त्याच्यावर ती चिनी-जपानी अक्षरं. म्हणाले, ही कोणाची हाडं, कशावरून? मंत्र झालेत का? अग्नी कोणी दिला, बाईनं? हे मी घाटावर उतरवणार नाही. मयताचं म्हणून दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या आणि त्याच्या अस्थी सोडा, म्हणजे त्याला गती. मी हो म्हटलं, वहिनी. मला शास्त्र काय कळतंय? मला वाटलं, असेलही. परदेशात रोज शेकडो माणसं मरत असतील, दिलं असेल कोणाचंही."

जयंतीला अजून उमगलं नव्हतं. किंवा उमगलं होतं आणि तिनं ते आत येऊ दिलं नव्हतं.

"मग भांडं?"

"गाडीतच राहिलं. परत येताना सगळा रस्ता मी तेच बघतोय. तुमच्याकडे कुठल्या तोंडानं आणू? माझ्या घरी सून गरोदर, बायकोनं उंबऱ्यात पाऊल ठेवू दिलं नसतं. ठाण्यात शिरायच्या आधी खाडीच्या पुलावर गाडी थांबवली. दादा, माफ कर म्हटलं, आणि सोडलं. तुम्हाला सांगणार होतो. दर खेपेला ठरवून यायचो, आणि तुम्ही दार उघडलंत की जीभच उचलायची नाही. पण मनाला समजावायचो, वहिनी, की तो दादा नव्हताच. त्याच्यावर वर्ष काढलं मी. आज तेही गेलं."

जयंतीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण समोर बसलेला माणूस आधीच मार खाल्ल्यासारखा दिसत होता. कोणाला शिव्या घालायच्या? भिऊन गेलेल्या दिराला, की नाशिकच्या त्या गुरुजीला, ज्याचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं? आत्ता घटकाभरापूर्वी तिनं सगळ्या कॉलनीला सांगितलं होतं, की माणूस गंगेत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"उघडलं होतंत का?" तिनं विचारलं.

"काय?"

"भांडं. सोडताना झाकण काढलं होतंत का?"

"नाही वहिनी. आत बघायचा धीरच झाला नाही. होतं तसंच सोडलं."

जयंतीचे हात मांडीवर होते ते तिनं एकमेकांत घट्ट धरले. झाकण सैल बसत होतं आणि विमानात हिसका बसला तर सांडेल, म्हणून तिनंच दुभाषी बाईकडून त्या माणसाला सांगवून कडेनं चिकटपट्टी लावून घेतली होती. दोन पदरी. त्याला एक पुरेशी वाटत होती, पण हिनं आग्रहच धरला होता.

"चिनीमातीचं आहे हो ते," ती म्हणाली. "आपलं मडकं असतं तर एव्हाना विरलं असतं. भावजी, ते अजून आतच आहेत."

श्यामसुंदर हमसून रडायला लागला. हॉलचा गडी खुर्च्या मिटत मिटत त्यांच्या रांगेपर्यंत आला, यांच्याकडे बघून थांबला आणि दुसऱ्या टोकाला गेला.

"पुन्हा करू आपण वहिनी," श्यामसुंदर डोळे पुसत म्हणाला. "सगळे विधी पहिल्यापासून करू. दुसरे चांगले गुरुजी बघतो मी."

"गुरुजी कशाला बघताय?" जयंती म्हणाली. "पाणबुड्या बघा."

त्यानं मान वर केली, ही खरंच म्हणते की काय ते बघायला. ती खरंच म्हणत होती. पण मुलुंडला जन्म काढलेल्या बाईला खाडीत गाळ किती असतो ते कोणी सांगायला लागत नाही, आणि दिवसातून दोनदा तिथलं पाणी कुठून कुठे जातं तेही नाही. तिनं पदर सारखा केला, पर्स उचलली, आणि दोघं रिकाम्या खुर्च्यांमधून बाहेर पडली.